इंग्रजी राजाचे मानकरी

राजा कोणी व्हायचं, हा प्रश्न म्हैसाळकर मास्तरांनी हातावरचा खडू झटकता झटकता सोडवून टाकला, आणि तिथंच त्यांचे ग्रह फिरले.

मॅट्रिकच्या वर्गाला त्या साली इंग्रजीत एक जुनं नावाजलेलं नाटक लावलेलं होतं. विलायतेत म्हणे ते कैक पिढ्या रंगभूमीवर गाजत होतं. चिंचटेकच्या हायस्कुलात मात्र ते पहिल्या पानापुढं सरकायला तयार नव्हतं. मास्तर वाचायचे, पोरं ऐकायची, आणि खिडकीबाहेर उसाची गाडी गेली की सगळा वर्ग तिच्यामागं मनानं निघून जायचा. आता अशा वर्गात इन्स्पेक्टर येणार म्हटल्यावर कोणाची झोप उडणार नाही? तोही साधा इन्स्पेक्टर नव्हे. दिघेसाहेब. कॉलेजात असताना इंग्रजी नाटकांत कामं केलेला, आणि अजूनही चहा मागताना छातीवर हात ठेवणारा माणूस.

"पुढच्या सोमवारी येताहेत," हेडमास्तर गद्रे म्हणाले. "खास तुमचा तास बघणार आहेत. त्यांनी नुसतं 'बरा आहे' म्हटलं तरी कमिटी तुम्हाला कायम करील. नाही म्हणाले, तर मग बघा बुवा."

कायम! ह्या एका शब्दापायी मास्तरांचा जीव टांगणीला लागला होता. लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी बायको अजून मिरजेला माहेरीच. सासरे मिरज जंक्शनात पार्सल ऑफिसात. त्यांचं म्हणणं एकच, "हंगामी जावयाच्या हाती मुलगी देणं म्हणजे पावती न घेता पार्सल सोडणं. आधी कायम व्हा, मग सुमतीला न्या." बिचारे मास्तर महिन्याकाठी एकदा मिरजेला जायचे, सासऱ्यांच्या देखत बायकोशी हवापाण्याच्या गप्पा मारायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचे.

तेव्हा मास्तरांनी युक्ती काढली. नाटक नाटकासारखंच शिकवायचं. पात्रं पोरांना वाटून द्यायची आणि उभं राहून, हातवारे करून वाचायला लावायचं. नाटकाची गोष्ट तशी सरळ होती. एक राजा असतो आणि त्याला एक धाकटा भाऊ असतो. प्रधान मात्र आतून शत्रूला फितूर. हा प्रधान भावाभावांत कलागत लावतो, राजाला भावापुढं गुडघे टेकायला लावून त्याचा मुकुट काढून घेतो, आणि शेवटच्या अंकात त्याला विष पाजतो. विष प्याल्यावरही राजा इंग्रजीत चांगलं दीड पान बोलतो आणि मगच मरतो.

वर्गात त्यातल्या त्यात इंग्रजी वाचणारा म्हणजे संपत. म्हणून मास्तर म्हणाले, "संपत, तू राजा. हणमंता, तू त्याचा भाऊ." आणि घंटा झाली.

संध्याकाळी मास्तर खोलीवर येऊन टोपी काढतात न काढतात, तोच दारात लालासाहेब उभे. लालासाहेब म्हणजे शाळा कमिटीचे चेअरमन आणि गावातल्या थोरल्या पातीचे म्होरके. आता ही पातीची भानगड सांगायला हवी. चिंचटेक गाव सगळं एकाच मूळपुरुषाचं. त्याला दोन मुलगे. थोरल्याचा वंश ती थोरली पाती, धाकट्याचा वंश ती धाकटी. गावात पान हललं तरी ते कोणत्या पातीच्या झाडाचं, हे आधी बघितलं जायचं. हणमंता हा लालासाहेबांचा मुलगा, आणि संपत धाकट्या पातीचा.

"मास्तर," लालासाहेब खाटेवर बसत म्हणाले, "साळंत राजा केलाय म्हणं."

"हो. नाटकातला आहे."

"धाकट्या पातीचा केलाय."

"संपतचं वाचन बरं आहे, म्हणून म्हटलं..."

"आसंल की. वाचनाला कोण न्हाई म्हणतंय? वाचू दे त्याला रातध्याड. पर राजा आमचा."

मास्तरांना आधी वाटलं चेष्टा चाललीय. ते हसले. लालासाहेब हसले नाहीत.

"आवं, जोगाईच्या जत्रंत पयला नारळ कुणाचा? आमचा. पालखीला पयला खांदा कुणाचा? आमचा. होळीला पयली पोळी कुणाची? आमची. मग राजा निघाल्यावर त्यो धाकट्या पातीत कसा जाईल? उद्या गाव तोंडात शेण घालंल माज्या."

"पण लालासाहेब, हा इंग्रजांचा राजा आहे हो. पुस्तकातला!"

"कुठला का आसंना. गावात आला न्हवं? गावात आला की गावाच्या रीतीनं ऱ्हायचं."

कमिटीच्या चेअरमनशी वाद घालायला मास्तर काही वेडे नव्हते. दुसऱ्या दिवशी राज्याभिषेक बदलला. हणमंता राजा झाला आणि संपत भाऊ. हणमंता अंगानं राजाच होता. आवाजही असा की बांधावरून हाक दिली तर बैल थांबावेत. फक्त इंग्रजी शब्द दिसला की त्याला दरदरून घाम फुटायचा आणि तो शब्दाच्या अलीकडंच उभा राहायचा.

पण एक राजा हलवला की गप्प बसेल ती धाकटी पाती कसली! मधल्या सुट्टीत मानसिंगराव आले. हे संपतचे चुलते. पलटणीतून सुभेदार होऊन परत आलेले, लढाईत पार इटलीपर्यंत जाऊन आलेले. शाळेची जागा त्यांनी दिलेली, म्हणून तेही कमिटीवर. आले ते ताठ उभे राहिले.

"मास्तर, राजा थोरल्या पातीला दिला, आमचं कायबी म्हणणं न्हाई. त्यो त्येंचाच हाय. पर तलवार?"

"कसली तलवार?"

"राजाच्या हातात तलवार हाय म्हणं त्या बुकात. जत्रंत देवीची तलवार कुणाच्या हातात आस्ती? आमच्या. पालखी त्येंची, तलवार आमची. आन दुसरं. आमच्या पातीची ललकारी झाल्याबिगर पालखी हलती का? न्हाई हलत. मग राजा तोंड कसा उघडतोय?"

"म्हणजे मी काय करू, सुभेदारसाहेब?"

"राजा बोलायच्या आदी संपतनं ललकारी द्यायची. डिसिपलीन म्हंजी डिसिपलीन."

आगीतून निघून मास्तर फुफाट्यात पडले. रात्रभर पुस्तक चाळूनही राजाच्या आधी बोलणारं कोणी सापडेना. शेवटी त्यांनी जीव मुठीत धरून त्या थोर नाटकात स्वतःचं एक वाक्य घातलं, "सायलेन्स! द किंग स्पीक्स!" म्हणजे गप्प बसा, राजा बोलतोय. राजानं तोंड उघडायच्या आत प्रत्येक वेळी संपतनं हे ओरडायचं. राजा एकदाच बोलत असता तर गोष्ट वेगळी होती हो! पण तो हाडाचा बडबड्या होता. पानात दहा वेळा बोलायचा. मग "सायलेन्स" असं संपत गरजायचा, राजा नुसतं "येस" म्हणायचा, आणि खाली बसायचा.

तलवारीचं आणखीनच. शाळेची लांब फूटपट्टी ही तलवार, आणि ती संपतच्या हातात. राजाला वाक्य होतं, माझ्या या तलवारीची शपथ. हणमंता शपथ घेताना संपतच्या फूटपट्टीकडं बोट दाखवायचा आणि संपत ती चट्कन मागं घ्यायचा. "हात लावायचा न्हाई गड्या, मान आमचा हाय." एकदा त्यावरून राजा आणि राजबंधू वर्गातच कॉलर धरून भिडले. मास्तरांना क्षणभर वाटलं, चला, निदान नाटकाचा गाभा तरी पोरांना कळला.

मग आला तिसरा अंक. राजा भावापुढं गुडघे टेकतो तो. मास्तरांनी तो वाचून दाखवला आणि दुपारच्या आत लालासाहेब शाळेत. ह्या वेळी खाली बसलेसुद्धा नाहीत.

"थोरल्या पातीनं धाकटीफुडं गुडघं टेकायचं? मास्तर, तुमच्या आंगात आलंय का काय?"

"अहो, तो भावापुढं टेकतो. राजा हरलेला असतो."

"कवा हरला? आमी कवा हरलो? वर्गातनं पोरगं काढून घीन, सांगून ठिवतो. मग बसा राजाबिगर."

मास्तर हेडमास्तरांकडं धावले. गद्रे हेडमास्तर मोठा सावध माणूस. चहातसुद्धा साखर घालू की नको ते दोघांना विचारून ठरवणारा. ते म्हणाले, "म्हैसाळकर, मला ह्यात आणू नका. माझी पेन्शन जवळ आलीय."

शेवटी तोड काढली ती मानसिंगरावांनीच. देवळात दोन्ही पात्या देवीपुढं एकदमच वाकतात. तसं दोघांनी संगतीनं टेकावं. पण टेकायचं कोणापुढं? तर मास्तरांच्या टेबलावर नारळ ठेवायचा आणि त्याच्यापुढं. लालासाहेबांनी विचार केला आणि मान हलवली. नारळ मात्र त्यांच्या घरचा, ही अट घातली. मास्तर हो म्हणाले. इथवर आल्यावर ते नारळाला कशाला नाही म्हणतील!

उरला प्रधान. तो कोणी घेईना. अहो, राजाला फितूर झालेला माणूस तो! मास्तरांनी एका पोराला नाव सांगितलं तर त्याचा बाप संध्याकाळी हात जोडून दारात. "मास्तर, पाया पडतो. आमच्या घरात पोरी लग्नाच्या हायती. फितुराचं घर म्हणल्यावर कुणी पोर करून घील का?" दुसऱ्याचा बाप पाया पडायलाही आला नाही, काठीच घेऊन आला. तेव्हा मास्तर म्हणाले, मरू दे, प्रधान मीच वाचतो.

हे त्यांना फार महागात पडलं. पोरांनी घरी जाऊन सांगायला सुरुवात केली, "आज मास्तरनं राजाला फसिवला." दुसऱ्या दिवशी, "आज मास्तरनं भावाभावांत लावलं." गाव हे सगळं कान देऊन ऐकत होतं. मास्तरांना जेवू घालणारी साळूबाई आठवड्याच्या सुरुवातीला त्यांच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवायची. बुधवारी लोणी गेलं. गुरुवारी कालवणातलं मीठ गेलं.

"साळूबाई, कालवण अळणी आहे."

"आसू दे," साळूबाई तोंड फिरवून म्हणाली. "ज्येच्या मिठाला जागायचं न्हाई, त्येनं मीठ मागू ने."

"अहो, ते नाटक आहे!"

"न्हाटक आमाला बी कळतंय. पर आसलं सुचतंय कसं मानसाला? बिचाऱ्या राजाच्या मळ्यातनंच हरभरा खाल्लासा न्हवं परवा?"

आणि ह्या सगळ्यावर कळस म्हणजे बनुबाई. लालासाहेबांची आई, हणमंताची आजी. शनिवारी पोरांनी घरी सांगितलं की आता राजा मरणार. म्हातारी तशीच अनवाणी शाळेत आली आणि वर्गाच्या दारात बसली.

"आरं मास्तरा, माजा नातू मारतोस व्हय?"

"आजी, हणमंता नाही मरत. राजा मरतो."

"राजा कोण हाय?"

"हणमंता."

"मग? आन मेल्यावर सुतक कुणी धरायचं रं? घरात हळद लागायची हाय माज्या नातीला. तू रोज मारशील आन आमी रोज आंघुळी करू व्हय? मेला म्हणायचं न्हाई. त्वांडातनं काढायचं न्हाई. सांगून ठिवते."

मास्तरांनी मुकाट्यानं मरण रद्द केलं. राजा विष पितो, दीड पान बोलतो, आणि मग कोणी काहीच बोलत नाही, इतकंच ठेवलं.

सोमवारी दिघेसाहेब आले. काळा कोट, चष्मा, हातात त्या नाटकाची लाल कातडी बांधणीची स्वतःची प्रत. वर्गात पाऊल टाकलं आणि थबकलेच. मागच्या बाकांवर सगळं गाव बसलेलं. उजवीकडं थोरली पाती, डावीकडं धाकटी. खिडक्यांतून बायका. टेबलावर हळदीकुंकू लावलेला नारळ.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"पालकांना गोडी आहे, साहेब," हेडमास्तर म्हणाले, आणि दाराजवळची खुर्ची पकडून बसले.

मास्तरांनी देवाचं नाव घेतलं. साहेबांनी पुस्तक उघडलं. तिसरा अंक सुरू झाला.

"सायलेन्स! द किंग स्पीक्स!" संपत असा गरजला की साहेबांच्या हातातलं पान उलटलं.

हणमंतानं घाम पुसत एक ओळ वाचली आणि थांबला.

"सायलेन्स! द किंग स्पीक्स!"

साहेब पान मागं उलटू लागले, पुढं उलटू लागले. "हा मुलगा काय वाचतोय? माझ्या पुस्तकात नाही."

"इथला पाठ जरा निराळा आहे, साहेब," मास्तर म्हणाले.

मग राजा आणि राजबंधू उठले, फूटपट्टी सांभाळत टेबलाकडं चालत आले आणि दोघांनी एकदम नारळापुढं गुडघे टेकले. तसं ठरलं होतं. पण पुढचं काही ठरलं नव्हतं. दोन्ही पात्या एका वेळी वाकलेल्या बघितल्या आणि मागं बसलेल्या गावाला वर्षानुवर्षांच्या सवयीनं राहवलं नाही.

"जोगाईच्या नावानं..." कोणीतरी सुरू केलं.

"चांगभलं!" सगळा वर्ग दणाणला. साहेबांचा चष्मा नाकावरून घसरून मांडीवर पडला.

तो पुसून चढवेपर्यंत मास्तरांनी प्रधानाचं भाषण सुरू केलं होतं. जीवावर उदार होऊन वाचत होते बिचारे. म्हणजे खरंच चांगलं वाचत होते. फितुराच्या गोड बोलण्याला इतकी धार चढली की इंग्रजीचा एक शब्द न कळणाऱ्या बायकांनी खिडकीत कडाकड बोटं मोडली. "मुडदा बशिवला त्याचा," साळूबाईचा आवाज आला.

साहेबांनी हात वर केला. "पुरे. मला शेवटचा अंक दाखवा. राजा मरतो तो."

मास्तरांनी खिडकीकडं बघितलं. बनुबाई गजाला नाक लावून उभी होती.

"राजा मरतो ना, म्हैसाळकर?"

"मरतो, साहेब. पण इथं नाही."

"मग कुठं मरतो?"

"पुस्तकात."

दिघेसाहेबांच्या कपाळाची शीर तटतटली. "हा काय पोरखेळ आहे? सगळ्या नाटकाचा प्राण त्या भाषणात आहे! सरका. मीच दाखवतो कसं वाचायचं ते." असं म्हणून ते व्यासपीठावर चढले, कोटाची गुंडी सोडली, उजवा हात छातीवर ठेवला, डोळे मिटले आणि राजाचं पहिलं वाक्य उच्चारलं. कॉलेजनंतर इतकी गर्दी त्यांनी बघितली नव्हती. ते रंगात आले.

"साहेब, थांबा," मागून आवाज आला. लालासाहेब उभे राहिले होते.

"काय आहे?"

"तुमी सरकारी मानूस. तुमचा मान हाय. पर राजाचा मान आमचा हाय. त्यो दुसऱ्यानं घ्यायचा न्हाई."

"कसला मान? हा वर्ग आहे!"

तेवढ्यात मानसिंगराव उठले. मास्तरांच्या जिवात जीव आला. म्हटलं, सरकारची पेन्शन खाणारा माणूस, साहेबाची बाजू घेईल. मानसिंगरावांनी आधी खाडकन सलाम ठोकला.

"साहेब, लालासाहेबासंगं माजं बांधावरनं वाकडं हाय. चौदा साल बोलत न्हाई आमी. पर खरं त्ये खरं. राजा त्येंचाच हाय. आन तुमी बोलायच्या आदी आमची ललकारी बी झाली न्हाई. ह्यो तर दोन्ही पात्यांचा अपमान हाय."

"बरोबर हाय!" सगळा वर्ग म्हणाला. उजवीकडून आणि डावीकडून एकाच वेळी. हे त्या गावात पहिल्यांदाच घडत होतं.

साहेब लालबुंद झाले. "मग मी वाचू तरी काय?"

"परधान व्हा की!" बनुबाई खिडकीतून म्हणाली. "शोभतोय तुमाला."

साहेबांनी पुस्तक फाडकन मिटलं.

हेडमास्तरांच्या खोलीत मग जे झालं ते सगळ्या शाळेनं भिंतीला कान लावून ऐकलं. "राजाला मारलं नाही, पण नाटकाचा मुडदा पाडलात तुम्ही! ह्या मास्तराला ठेवू नका. मी तोंडावर सांगतो. आणि हो, कायम तर मुळीच करू नका." मग सरकारी मोटार फुरफुरली, धूळ उडाली आणि साहेब कराडच्या रस्त्याला लागले.

मास्तर खोलीवर आले. ट्रंक काढली. धोतरं, दोन सदरे, सुमतीनं विणलेली मफलर. मफलर हातात घेतली आणि त्यांना रडूच कोसळलं. आता मिरजेला काय तोंड घेऊन जायचं? सासऱ्यांना काय सांगायचं, नारळापायी नोकरी गेली? सुमती काही बोलणार नाही, नुसती खाली बघेल, आणि तेच त्यांना सहन होणार नव्हतं.

तिकडं शाळेत कमिटी बसली होती. हेडमास्तरांनी घसा साफ करून साहेबांचं म्हणणं सांगितलं. नवा मास्तर बघावा लागेल, म्हणाले.

"बघा," लालासाहेब म्हणाले. "साहेबानं सांगितलंय तर करावं लागंल. मानूस गरीब हुता. पर काय विलाज न्हाई."

"व्हय," दोनचार जणांनी माना डोलावल्या. ठराव झाल्यातच जमा होता.

"थांबा," मानसिंगराव म्हणाले. "मास्तर गेला, तर परधान कुणाकडं जाणार?"

सगळे जमिनीकडं बघायला लागले. ज्यांच्या मुली लग्नाच्या होत्या ते जास्तच बघायला लागले.

"नवा मास्तर वाचेल की," हेडमास्तर म्हणाले.

"आन न्हाई म्हणला तर? ह्यो भला म्हणून गप वाचतोय. नवा आला आन त्येनं ह्यातल्याच कुणाच्यातरी पोरावर ढकलला, तर? फितुरी मग कुणाच्या दारात? तुमच्या का आमच्या?"

"आमच्या न्हाई," लालासाहेब घाईघाईनं म्हणाले.

"आमच्या बी न्हाई."

"साहेब काय, वर्साला एकदा येतोय," लालासाहेब विचार करत म्हणाले. "परधान तर रोज लागतोय."

हेडमास्तर काहीतरी बोलायला गेले. मग त्यांना पेन्शन आठवली असावी, त्यांनी तोंडात सुपारी टाकली.

थोड्या वेळानं मास्तरांच्या दारात सगळी कमिटी उभी राहिली. मास्तरांना वाटलं, हाकलायला आले. ते ट्रंक घेऊन उठले. लालासाहेबांनी ती त्यांच्या हातातून काढून खाली ठेवली आणि त्यांच्या ओंजळीत नारळ ठेवला. मानसिंगरावांनी त्यांच्या डोक्याला फेटा गुंडाळला. पलटणीच्या हातानं बांधलेला, इतका घट्ट की मास्तरांचे डोळे वर गेले.

"आजपास्नं परधानाचा मान तुमचा," लालासाहेब म्हणाले. "तुमचा, तुमच्या पोराचा, त्येच्या पोराचा. दुसऱ्या कुणी मागायचा न्हाई."

"पण साहेब तर म्हणाले, मला काढा. आणि मी तर हंगामी..."

"हंगामी?" मानसिंगराव खवळले. "आवं मास्तर, मानकरी कवा हंगामी आस्तोय व्हय?"

मास्तरांनी नारळ छातीशी धरला आणि फेट्याखाली ओक्साबोक्शी रडले. त्या दिवशी साळूबाईनं कालवणात मीठ घातलं. लोणी नाही घातलं, पण मीठ घातलं.

कायम झाल्याचं पत्र मिरजेला पोचलं, आणि ताकारी स्टेशनावरून बैलगाडीनं सुमती आली. खात्री करून घ्यायला सासरे बरोबर, काखेत छत्री. गाडी वेशीत शिरली तर हलगी वाजायला लागली. मास्तरांच्या दारात गाडी थांबताच बायका पाण्याचे तांबे आणि भाकरतुकडा घेऊन पुढं आल्या.

"आली गं, आली परधानीण!" बनुबाई ओरडली.

सुमतीनं मागं वळून बघितलं. गाडीत दुसरं कोणी नव्हतं. तोवर साळूबाईनं तिच्या पायांवर पाणी घातलं आणि तिच्या कानाशी लागून म्हणाली, "बाई, काळजी करू नगा. मालक तुमचा लय फितूर हाय. पर फितुरी अगदी इमानानं करतोय."

सासरे दचकले. त्यांनी गर्दीतून लालासाहेबांना गाठलं. "जावई कायम झाले ना हो आमचे? तेवढं सांगा."

"कायम?" लालासाहेब अभिमानानं म्हणाले. "आवं, सात पिढ्यांची फितुरी दिलीय त्येस्नी. आता सरकार आलं तरी निघायची न्हाई."

सासऱ्यांचा चेहरा पांढरा पडला. मास्तर फेटा सावरत काहीतरी समजावून सांगायला पुढं झाले, पण हलगीत त्यांचं कोणी ऐकेना. सासऱ्यांनी मुलीचं मनगट धरलं आणि हळूच म्हणाले, "सुमे, गाडी अजून वळलेली नाही. चल परत."

सुमतीनं नवऱ्याकडं बघितलं. मग हात सोडवून घेतला.

"बाबा, कायम आहे म्हणतात ना? मग फितूर तर फितूर," ती म्हणाली, आणि पदर सावरून उंबऱ्याच्या आत गेली.